पाण्यावर मायलेज वाढतं का?

प्रश्न : मित्राने स्टीलच्या पट्ट्या आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी बरणीत भरून हायड्रोजनचा सेल बनवलाय. तो बॅटरीला जोडून गॅस इंजिनात सोडला की मायलेज वाढतं, असं तो म्हणतो. माझ्या पेट्रोल गाडीला बसवू का?

उत्तर : नका बसवू. गॅस खरोखर निघतो, पण त्यासाठी लागणारी वीज फुकटची नाही. गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हेडलाइट लावा आणि कान देऊन ऐका. इंजिनाचा आवाज क्षणभर दबतो, कारण अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून गाडीची वीज बनवणारं यंत्र, जड झालेला असतो. तो ओढायला पेट्रोलच जळतं. पेट्रोलमधली जेमतेम पाव ऊर्जा इंजिन कामी लावतं, मग अल्टरनेटरमध्ये गळती, सेलमध्ये पुन्हा गळती. हाती येणारा हायड्रोजन जाळून तेवढं पेट्रोल परत मिळत नाही. अमेरिकेत स्टॅन्ली मेयर याने ‘पाण्यावर चालणारी गाडी’ दाखवून पैसे घेतले होते. 1996 मध्ये ओहायोच्या न्यायालयाने ती उघड फसवणूक ठरवली.

मला जास्त काळजी त्या बरणीची वाटते. तिच्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्रच साठतात, आणि इंजिनाने उलटा भडका मारला तर ती बॉनेटखाली फुटते. आतलं कॉस्टिकचं पाणी डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. सोड्याऐवजी मीठ टाकलं तर क्लोरीन निघतो, तोही विषारी. मित्राला आजच वायर काढायला सांगा. तुम्ही टायरमधली हवा तपासा. मायलेज तरीही कमीच असेल, तर गाडीच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर तपासून घ्या.