गोव्यात थंडीत कर्दळीचे कंद काढून ठेवावे लागतात का? वसंतात ती जोमानं फुटावी म्हणून काय करावं?

नाही लागत. आणि तुम्ही काढलेच आहेत म्हणता, तर याच आठवड्यात परत मातीत घाला, मार्चपर्यंत थांबू नका.

तुमची हकीकत अशी: म्हापशाला घर, अंगणात लाल-पिवळी कर्दळ, पाऊस संपल्यावर ती अगदीच फाटकी दिसायला लागली, आणि एक परदेशी व्हिडिओ बघून तुम्ही डिसेंबरात कंद उकरून लाकडाच्या भुशात, खोक्यात भरून ठेवलेत. व्हिडिओत सांगितलं ते खोटं नाही, फक्त ते दुसऱ्या हवेचं आहे. इंग्लंड-अमेरिकेच्या थंड भागात जमीन गोठते. कर्दळीचा कंद म्हणजे पाणी आणि पिष्ट; तो गोठला की त्याचा चिखल होतो. म्हणून तिकडे पहिल्या हिमानं पानं काळी पडली की दांडे वीतभर ठेवून छाटतात, कंद काढतात, माती झटकतात आणि भुशात ५ ते १० अंश सेल्सिअसला झोपवून ठेवतात. वसंतात घरातल्या उबेत कुंडीत फुटवतात आणि हिमाचा धोका टळला की बाहेर लावतात.

यातली खरी गोम त्या ५ ते १० अंशांत आहे. एवढ्या गारव्यात कंद झोपतो. आपल्याकडे तसा गारवा फ्रीजमध्येच सापडेल. पणजीला जानेवारीची रात्र साधारण २० अंशांची, वाळपईकडे आणखी दोन-चार अंश कमी, आणि दुपार बहुतेक वेळा तिशीच्या वर. अशा हवेत खोक्यातला कंद झोपत नाही. साठवलेलं पिष्ट खर्चत बसतो. मग एक तर सुकून सुरकुततो, नाहीतर अंधारातच पांढरे फिके कोंब काढतो. कर्दळ मुळात उष्ण अमेरिकेतली. आपल्याकडच्या सगळ्यात लहान दिवसालाही ११ तासांहून जास्त उजेड असतो, त्यामुळे तिनं थांबावं असं इथल्या थंडीत काहीच नाही.

आता खोकं उघडा आणि एकेक कंद अंगठ्यानं दाबून बघा. आल्यासारखा कडक लागला तर चांगला. मऊ लागला किंवा वास आला तर तेवढा भाग आतला गर स्वच्छ दिसेपर्यंत कापून टाका, कापावर चुलीची राख चोळा आणि एक दिवस सावलीत राहू द्या. डोळे शोधा: कंदाच्या बाजूला किंवा टोकाला बोटाच्या पेराहून लहान, टोकदार, खवल्यांत गुंडाळलेले उंचवटे असतात; तांबूस पानाच्या जातीत ते गुलाबीसर, हिरव्या पानाच्या जातीत पांढरट. प्रत्येक तुकड्याला असे दोन-तीन डोळे हवेत. डोळे वर करून चार बोटं खोल लावा, दोन तुकड्यांत हातभर अंतर सोडा, जागा भरपूर उन्हाची बघा. पहिलं पाणी पोटभर द्या. पुढे कोंब दिसेपर्यंत माती नुसती ओलसर राहील एवढंच, कारण मुळं नसलेला कंद पाणी पीत नाही, कुजतो.

वसंताचं म्हणाल, तर गोव्यात कर्दळीला सांभाळायचं ते थंडीपासून नव्हे, मार्च ते मे या कोरड्या दिवसांपासून. पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात पडून जातो आणि चिऱ्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही. शिगम्याच्या सुमारास विहिरी खाली जायला लागतात आणि एवढ्या रुंद पानांच्या झाडाला तेव्हाच सगळ्यात जास्त पाणी लागतं. पानांच्या कडा करपतात, दांडे लोळतात, बघणाऱ्याला वाटतं मेलं. खाली कंद जिवंत असतो. मेअखेरच्या वळवाच्या सरी पडल्या की गुंडाळलेली पानं जमीन फोडून वर येतात. घरात पाण्याची ओढ असेल तर मी म्हणेन, तिला सुकू द्या. वाळलेले दांडे छाटा, वर नारळाची सोडणं पालथी घाला आणि जूनपर्यंत विसरून जा. खरी विश्रांती तिला तेव्हा मिळते.

पण उन्हाळ्यातही फुलं हवी असतील तर पाण्याची सोय आधी करा, खताचं नंतर बघा. जुन्या घरांत न्हाणीच्या मागे, पाणी वाहतं तिथे कर्दळ दिसते ती उगाच नाही. हिची मुळं ओलीत छान राहतात; सांडपाणी गाळायच्या वाफ्यांत तिचा वापर होतो तो याच गुणासाठी. अंगाचा साबण, थोडा कपड्यांचा साबण तिला चालतो. फिनेल आणि ब्लीचिंगचं पाणी मात्र दुसरीकडे वळवा. न्हाणीचं पाणी नसेल तर खोल आळं करा, तळाशी सोडणांचा थर द्या आणि एक दिवसाआड सकाळी भरपूर पाणी घाला. रोज थोडं थोडं शिंपडण्यात अर्थ नाही, ते वरच्या मातीतच संपतं.

पावसानंतरच्या त्या फाटक्या रूपावर उपाय कोयती. कर्दळीचा एक दांडा फुलून झाला की संपला, तो पुढच्या वर्षी परत फुलत नाही. पण घाईही नको. फुलांचा तुरा संपला तरी लगेच दांडा बुडातून उडवू नका. तुऱ्याच्या खाली जिथे शेवटचं पान दांड्याला मिठी मारून असतं तिथे बोट फिरवून बघा. आत जाडसर फुगवटा लागला तर तिथून दुसरा तुरा येणार आहे. तेव्हा फक्त वाळलेला तुरा आणि काटेरी हिरवी बोंडं काढा. तोही फुलून गेला की मग दांडा जमिनीलगत कापा. हे काम नरकासुराच्या धामधुमीच्या आधी, ऑक्टोबरच्या मध्यावर उरकलं आणि पाणी चालू ठेवलं, तर नाताळाच्या आसपास नव्या दांड्यांना फुलं दिसायला लागतात. सगळा गड्डा एकदम साफ कापलात तरी मरत नाही, फक्त काही आठवडे अंगण ओकंबोकं दिसतं. मला ते बघवत नाही, म्हणून मी दांडे निवडून कापते.

खतात शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड पुरे. दुकानातला युरिया घातलात तर पानं मात्र छान होतील, फुलं नाहीत. आपली माती आंबट, म्हणून अधूनमधून मूठभर राख तिला मानवते.

गड्डे वेगळे करायचे असतील तरच कंद काढावेत. जमिनीत दोन-तीन वर्षांनी, कुंडीत दरवर्षी, कारण कुंडीत कंद एकमेकांवर चढून मधला भाग पोकळ आणि फूल लहान होत जातं. वेळ दोन: पाण्याची सोय असेल तर दसऱ्यानंतर, नसेल तर मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात. ऐन जूनच्या मुसळधारेत कधीच नको. ताजा कापलेला कंद त्या चिखलात सडतो. जुना रुजलेला गड्डा त्याच पावसात मजेत असतो, कुंडीच्या तळाचं भोक बुजलेलं नसलं म्हणजे झालं.

पानांच्या मागे नारिंगी पुटकुळ्या आणि बोटाला लागणारी पूड दिसली तर तो तांबेरा. पावसाळी दमट हवेत तो फोफावतो. अशी पानं तोडून जाळा, खताच्या खड्ड्यात टाकू नका, आणि पाणी पानांवर न घालता बुडाशी घाला. पानाची सुरळी झालेली दिसली तर उलगडा, आत अळी असते. हातानं काढणं फवारणीपेक्षा सोपं पडतं. पण पानावर शिरांना धरून पिवळे पट्टे येत असतील आणि नवीन पानही तसंच निघत असेल, तर तो बहुधा विषाणू. त्याला औषध नाही. तो गड्डा मुळासकट काढून टाका, त्याचे तुकडे शेजारणीला देऊ नका, आणि त्याला लावलेली कोयती उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका.

बियांचंही विचारलंय. काळ्या गोळीसारखं बी इतकं टणक असतं की अर्जेंटिनात एका अक्रोडाच्या कवचाच्या खुळखुळ्यात सापडलेलं सुमारे ६०० वर्षांपूर्वीचं कर्दळीचं बी रुजलं होतं. तुम्हाला रुजवायचंच असेल तर कानशीनं एका बाजूला आतलं पांढरं दिसेपर्यंत घासा आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. पण तुमच्यासारखी संकरित लाल-पिवळी जात बियांतून तशीच्या तशी येत नाही. तोच रंग हवा असेल तर कंदच लावा.