मांगर उभा आहे तोवरच कागद करा

प्रश्न थोडक्यात असा : देवगड तालुक्यात आजोबांनी स्वकमाईने घेतलेल्या आंब्याच्या कलमांच्या बागेत १९५८ साली बांधलेला मांगर (बागेतले शेतघर) आहे. चिऱ्याच्या भिंती, सागाचे खांब आणि तुळया, ऐन-किंजळीचे वासे, वर मंगलोरी कौले. आजोबा १९७९ मध्ये मृत्युपत्र न करता गेले, आजी त्यानंतर. पुढे वडील आणि काकाही गेले. आत्या रत्नागिरीला असते. सातबारावर वडील आणि काकांचीच नावे आहेत. वाचकाला हा मांगर उकलून मालवण तालुक्यातल्या मूळ घराच्या परड्यात तसाच उभा करायचा आहे. चुलतभाऊ "माझं काही नाही" असे फोनवर म्हणाला होता, आता नेऊ देणार नाही म्हणतो. ठेकेदार म्हणतो, दोन ट्रक लावा, चार दिवसांत काम होईल.

उत्तर : ठेकेदाराचे ऐकू नका. मांगर उभा असेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने ती स्थावर मालमत्ता आहे, म्हणजे त्यात जमिनीइतकेच सर्व वारसांचे हिस्से आहेत. पहिला खांब उपटला की तोच मांगर जंगम माल होतो आणि त्याच क्षणी त्याला चोरीचा कायदा आणि वन कायदा हे दोन्ही लागू होऊ शकतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ चे स्पष्टीकरण सांगते की जमिनीला जोडलेल्या वस्तूची चोरी होत नाही, पण ती जमिनीपासून सुटी केली की होऊ शकते. चुलतभावाने तक्रार दिली तर तुम्ही सहहिस्सेदार आहात आणि तुमचा हेतू अप्रामाणिक नव्हता हा तुमचा बचाव भक्कम आहे. पण तो बचाव पोलीस ठाण्यात मांडायचा आणि तोवर ट्रक तिथेच उभे ठेवायचे, ही वेळ कशाला आणायची?

आधी तुमचा हिस्सा किती ते पाहा. तुम्ही पत्रात "मी आणि चुलतभाऊ" असेच लिहिले आहे, तिथेच चूक आहे. आजोबांची मालमत्ता स्वकष्टार्जित आणि मृत्युपत्र नाही, म्हणून हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे आजी गेल्यानंतर वडील, काका आणि आत्या यांचा प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा झाला. आत्याचे नाव सातबारावर नाही म्हणून तिचा हक्क गेला असे होत नाही, कारण सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा दाखला नव्हे. वडिलांचा एक तृतीयांश पुढे तुमची आई, तुम्ही आणि तुमची बहीण यांच्यात वाटला गेला. म्हणजे त्या मांगरात तुमचा स्वतःचा वाटा नववा भाग आहे. काकांच्या बाजूलाही चुलतभाऊ एकटा नसणार, काकू आणि इतर भावंडे असतील तर त्यांचीही संमती लागेल. वाटणी न झालेल्या मालमत्तेच्या कणाकणात प्रत्येक हिस्सेदाराचा हक्क असतो, त्यामुळे "माझ्या वाट्याचे खांब मी नेतो" हा युक्तिवाद टिकत नाही.

म्हणून पहिले काम वारस नोंदीचे. वडील आणि काका या दोघांच्या मृत्यूनंतरची, आणि आत्याची राहून गेलेली, अशी सर्व फेरफार नोंद तलाठ्याकडे अर्ज देऊन करून घ्या. वर्षानुवर्षे राहिलेली ही नोंद या निमित्ताने झाली तर बागेच्या पुढच्या प्रत्येक व्यवहाराला उपयोगी पडेल.

मग संमतीचा लेख. इथे बहुतेक कुटुंबे चुकतात. कुणीतरी हक्कसोडपत्राचा तयार मसुदा आणून देतो आणि आत्या भाबडेपणाने सही करते. त्या मसुद्यात गट नंबर टाकलेला असतो, त्यामुळे मांगराबरोबर कलमांच्या बागेतला हिस्साही सुटतो. असे तुमच्या हातून होऊ देऊ नका, तुमच्या फायद्याचे असले तरी. शिवाय शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावरातला हक्क सोडणारा दस्त नोंदणी कायदा १९०८ च्या कलम १७ प्रमाणे नोंदवावाच लागतो. तुम्हाला हवा आहे तो फक्त सुटा माल. माल विक्री कायदा १९३० च्या व्याख्येत, करारानुसार जमिनीपासून सुटी करून द्यायची वस्तू 'माल' या शब्दात येते. म्हणून लेखात असे वाक्य घाला : "सदर इमारत उकलून निघणारे लाकूड, कौले व चिरे, सोबतच्या यादीप्रमाणे, अमुक यांनी घेऊन जावे, गट नंबर अमुक मधील जमिनीतील आमचा कोणताही हक्क यामुळे कमी होत नाही." मालाची किंमत ठरवून प्रत्येकाला त्याच्या वाट्याची रक्कम बँकेतूनच द्या, आणि आत्याने "नको रे बाबा" म्हटले तरी तेही लेखात लिहून घ्या. सर्व हिस्सेदारांच्या सह्या, दोन साक्षीदार, नोटरी आणि प्रत्येक पानावर यादीचा संदर्भ, एवढे हवेच.

यादी हाच या प्रकरणाचा कणा आहे. भारतीय वन अधिनियम १९२७ मध्ये इमारती लाकडाची व्याख्या कापलेल्या, तासलेल्या, घडवलेल्या लाकडालाही लागू आहे, आणि ते जंगलातून आलेले असो वा नसो, ते वनोपजच. त्यामुळे १९५८ चा तासलेला सागाचा खांबही नाक्यावर लाकूडच ठरतो. त्यातून कलम ६९ चे गृहीतक असे की वनोपज कुणाचे हा प्रश्न निघाला तर ते सरकारचे मानायचे, नाही हे तुम्ही सिद्ध करायचे. रात्री ट्रक अडवला की जुन्या खिळ्यांच्या खुणा दाखवून भागत नाही. लाकूड आणि वाहन दोन्ही जप्त होतात आणि सुटायला महिने लागतात.

म्हणून उकलण्यापूर्वी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे वाहतूक पासासाठी अर्ज करा. सोबत सातबारा, ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टी आकारणीची नोंद) चा उतारा, संमतीलेख, चारी बाजूंनी आणि आतून काढलेले फोटो, आणि नगवार यादी जोडा. यादीत लाकडाची जात, लांबी, रुंदी, जाडी आणि घनमीटर असू द्या. उदाहरणार्थ ३ मीटर लांब, १५ बाय १५ सेंटिमीटरचा खांब ०.०६७५ घनमीटर भरतो, असे बारा खांब ०.८१. ४.५ मीटरची २० बाय १५ ची तुळई ०.१३५. प्रत्येक नगावर तेलरंगाने क्रमांक घाला, तोच यादीत आणि फोटोत दिसला पाहिजे. सुताराला पुन्हा जोडणी करताना हेच क्रमांक लागतात, त्यामुळे मेहनत वाया जात नाही. वनरक्षकाची पाहणी आणि पंचनामा मांगर उभा असताना झाला पाहिजे. उकलून रचलेल्या ढिगाऱ्यावरून तो कुठल्या घराचा हे कुणी सांगू शकत नाही. कुजलेल्या वाशाऐवजी नवा ऐन किंवा किंजळ तोडायचा विचार असेल तर थांबा. १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत ही दोन्ही झाडे आहेत, स्वतःच्या बागेतली असली तरी परवानगी लागते.

चिरे नेताना गौण खनिजाची शंका घेतली जाते. जुने, चुना-माती लागलेले चिरे नवे उत्खनन नव्हेत, पण ते सांगणारा तलाठ्याचा पंचनामा चालकाकडे हवा.

आता मालवणची बाजू. तिथला सातबारा आधी मला पाठवा, कारण कोकणात मूळ घर म्हणतात ते अनेकदा गावठाणात नसतेच. परडे शेतजमिनीत असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत 'शेतघर' म्हणजे त्या किंवा धारकाच्या इतर जमिनीच्या शेतीशी जोडलेली इमारत. अवजारे, चारा, गुरे, किंवा शेतकरी कुटुंबाचा निवास. बागेत जो मांगर शेतघर होता, तो परड्यात पाहुण्यांच्या खोल्यांसाठी वापरलात की शेतघर राहत नाही आणि अकृषिक वापराचा प्रश्न येतो. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असाल तर कलम ४२-ड मुळे मार्ग सोपा आहे. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असाल तर किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी आधी पाहावी लागेल, खाडीकाठालाही तोच नियम वेगळ्या अंतराने लागतो. जुनेच लाकूड वापरून केले तरी ते नवे बांधकाम धरले जाते, आणि मूळ घरातही आत्या-काकूंचे हिस्से असतील तर त्यांची संमती या जागेसाठीही स्वतंत्र घ्या.

देवगडच्या ग्रामपंचायतीला मांगर काढल्याचे लेखी कळवून नमुना ८ मधली नोंद कमी करा, नाहीतर घरपट्टी चालूच राहते. मात्र त्याआधी जुन्या नोंदीचा प्रमाणित उतारा काढून ठेवा. वीजजोडणी बंद करून घ्या. मीटर परस्पर दुसऱ्या जागी नेला तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापराचे बिल येते.

चुलतभावाला उकलण्याआधी नोंदणीसह स्पीड पोस्टाने पत्र पाठवा : यादी, किंमत, त्याचा वाटा आणि पंधरा दिवसांची मुदत. त्याच दिवशी देवगडच्या दिवाणी न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट दाखल करा. ते ९० दिवस चालते आणि तोवर तुमचे म्हणणे न ऐकता त्याला मनाई हुकूम मिळणे अवघड होते. पण कॅव्हेट म्हणजे उकलण्याचा परवाना नव्हे. चुलतभाऊ अडूनच बसला तर वाटपाचा दावा हाच मार्ग. त्यात आदेश २६ नियम ९ खाली कोर्ट कमिशनर नेमून मांगराची पाहणी मागा, आणि मांगर तुमच्या वाट्यास देऊन इतरांना रकमेने भरपाई द्यावी अशी विनंती करा. दावा दाखल झाला की निकालापर्यंत कौलालाही हात लावू नका. फक्त गळती थांबवायला ताडपत्री टाकायची असेल तर तेवढी परवानगी पावसाआधी न्यायालयाकडून घेऊन ठेवा.