विज्ञाननाटकात शेवटचा शब्द कोणाचा?

नाटकवाले आणि शास्त्रज्ञ मिळून विज्ञानविषयक नाटक बसवत असतील, तर संहितेवर शेवटचा शब्द कोणाचा असावा आणि खर्च कोणी उचलावा, असे आपण विचारले आहे. शास्त्रज्ञ पहिल्या तालमीपासून हजर नसेल, तर त्याचा शब्द पहिला असो की शेवटचा, त्याने काही साधत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या खानापूर तालुक्यातून काजूच्या हंगामात मजुरीसाठी गोव्याकडे जाणाऱ्या कुटुंबांसाठी आम्ही माकडतापावर एक छोटे नाटक बसवले होते. या तापाचा विषाणू 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम आढळला, आणि तो माणसापर्यंत गोचिडीच्या चाव्यातून पोहोचतो. आमच्या लेखकाच्या मसुद्यात मात्र तापाने फणफणलेल्या नवऱ्याची सेवा करता करता बायकोलाही तोच ताप लागत असे आणि ती रंगमंचावर प्राण सोडत असे. वाचनाला आलेल्या विषाणुतज्ज्ञ बाईंनी हा प्रवेश तिथेच थांबवला. हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही आणि असे दाखवले, तर उद्या गावात रुग्णाच्या घरी पाणी द्यायलाही कोणी जाणार नाही, असे त्यांनी कानडीत, पण सर्वांना समजेल असे सुनावले.

पुढच्या तालमीला त्यांनी बंद कुपीतून गोचिडीची पिल्ले आणली आणि प्रत्येकाला भिंगातून पाहायला लावले. मोहरीहूनही बारीक असे ते जीव पाहून माकडाचे काम करणारा मुलगा नकळत पोटऱ्या खाजवू लागला. मेलेल्या माकडाच्या अंगावरून गळलेल्या गोचिडींमुळे ती जागाच धोक्याची होते, हे कळल्यावर त्यानेच सुचवले की, माकड मध्यभागी पडून राहावे आणि काळी घोंगडी पांघरलेली मुले त्याच्या अंगाखालून सरपटत प्रेक्षकांत शिरावीत. बाईंची हरकत होती की, पिल्ले रक्त पिऊन गळतात, कात टाकतात आणि मगच पुढच्या अवस्थेत माणसाला चावतात, यात बराच काळ जातो. तो काळ मी ढोलकीच्या एका आवर्तनात बसवला आणि त्यावर मागे हटलो नाही. विषाणूचा मार्ग बदलायचा नाही, काळ मात्र आखडता घ्यायचा, या बोलीवर त्या राजी झाल्या.

शास्त्रज्ञ तालमीला बसला की नाटकाचे व्याख्यान होते, असे एका ज्येष्ठ दिग्दर्शकांनी मला बेळगावात चारचौघांत ऐकवले होते. मला हे तेव्हाही मान्य नव्हते आणि आजही नाही. व्याख्यान होते ते शास्त्रज्ञाला रंगीत तालमीलाच बोलावून त्याच्याकडून मुद्द्यांची यादी घेतल्यामुळे. मग ते मुद्दे ज्याच्या तोंडी जागा सापडेल त्याच्या तोंडी कोंबले जातात.

अर्थात हे आरोग्यविषयक लहान नाटकांना लागू आहे. जर्मन नाटककार ब्रेख्त 1938 मध्ये डेन्मार्कमध्ये गॅलिलिओवरील नाटक लिहीत असताना भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांच्या सहायकांनी त्याला मदत केली होती. पण हिरोशिमानंतर, चर्चपुढे माघार घेणाऱ्या त्याच गॅलिलिओला अधिक कठोरपणे दोषी ठरवायचे, हे ब्रेख्तने स्वतः ठरवले. तिथे लेखकाचाच अधिकार चालतो.

खर्चाचे म्हणाल, तर शास्त्रज्ञाच्या संस्थेकडून प्रवासखर्च जरूर घ्यावा, मात्र त्या बदल्यात त्यांच्या भित्तिपत्रकावरील वाक्ये पात्रांच्या तोंडी घालणार नाही, हे आधीच लेखी ठरवून घ्यावे.