सबवूफरचा लाइट लागतो, पण बास येत नाही. वूफर जळाला असेल का? बदलून टाकू का?

नका बदलू. आधी तपासा तरी. याच प्रश्नावरून आमच्या घरात भांडण झालंय, म्हणून लिहायला बसलो.

आमचा सब एकदम बंद पडला नव्हता. आधी चालू केल्यावर पाचेक मिनिटांनी घुमायला लागायचा. मग अर्धा तास घ्यायला लागला, मग आतून नुसतीच टिक-टिक आणि शेवटी तीही बंद. थोरल्या भावाने कोनवर (वूफरच्या पुढच्या हलणाऱ्या पडद्यावर) टिचकी मारून निकाल दिला, "वूफर उडालाय." मी म्हटलं, दादा, जळालेली कॉइल, म्हणजे कोन हलवणारं तारेचं वेटोळं, तापल्यावर बरी होते का रे? तर म्हणे, "तू मला शिकवू नकोस." मी वूफरच्या वायरी काढून दीड व्होल्टचा सेल टर्मिनलला टेकवून दाखवला, कोन टचकन पुढे आला. मल्टिमीटरवर ४ ओहमच्या वूफरने साडेतीनच्या आसपास दाखवलं. कॉइल धडधाकट! तरी दादाने नवा वूफर आणलाच. बसवला. ढिम्म.

मग मी मागची ॲम्प्लिफायरची प्लेट उघडली. स्टँडबाय सप्लायमधले (सब झोपलेला असतानाही वीज पुरवणारा भाग) दोन कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या डब्या, डोकं फुगवून बसलेले. प्लग लावलेला असेपर्यंत हा भाग चोवीस तास चालूच असतो, वर बंद पेटीतली उष्णता, त्यामुळे आतलं इलेक्ट्रोलाइट सुकत जातं. असा कपॅसिटर थोडा गरम झाला की कसाबसा काम करतो, ती पाच मिनिटं त्याचीच. ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे दोन नवे घातले (१०५ डिग्रीवालेच घ्या, ८५ वाले नकोत) आणि सब बोलायला लागला.

दादा म्हणतो, "बघ, नवा वूफर घातला म्हणून चालला."

तुमचं म्हणाल तर सबला आवाजाचा सिग्नल देणाऱ्या रिसीव्हरमधून केबल काढून सबच्या बाजूचं टोक सबमध्येच ठेवा, स्विच 'ऑटो'वर असेल तर 'ऑन'वर घ्या, आवाज थोडा वाढवा आणि मोकळ्या टोकाच्या मधल्या पिनला बोट लावा. घूंऽऽ झालं तर सब ठीक आहे, रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये सबवूफर 'नो' झालाय का ते पाहा. काहीच नाही आलं, तर वरचा सेलवाला प्रयोग.

हो, एक राहिलंच. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, चांगलाच झटका बसतो. सोल्डरिंगचा हात नसेल तर प्लेट उघडू नका, फक्त दुरुस्तीवाल्याला सांगा की आधी सप्लाय बघ. आणि कोन दोन्ही हातांनी सारखा दाबल्यावर आत खरखर घासत असेल, तर मात्र वूफरच गेलाय. तिथे दादा बरोबर.

आमच्या पेटीत मी पुढच्याच आठवड्यात जुना वूफर परत बसवला. तीन वर्षं झाली, दादा दर दिवाळीला नव्या वूफरच्या बासचं कौतुक करतो.