पार्वो झालेल्या पिल्लाच्या उपचारांचा खर्च झेपत नसेल तर नाशिकमध्ये काय करता येईल?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं: कुत्र्याचं पिल्लू तीन महिन्यांचं, वजन साधारण 4 किलो, चाचणीत पार्वो (विषाणूमुळे उलट्या-जुलाब होणारा आजार) निघाला. पाथर्डी फाट्याच्या खाजगी दवाखान्यानं 5 दिवस ॲडमिट करायला सांगितलं, अंदाज 25 हजारांचा दिला आणि घरात तेवढे पैसे नाहीत. पैसे जमेपर्यंत दोन दिवस थांबलं तर चालेल का, असं तुम्ही विचारता.

थांबू नका. हातात 2 हजार असतील तर ते आजच सलाईनवर लावा. पार्वोचा विषाणू आतड्याचं अस्तर आणि पांढऱ्या पेशी नष्ट करतो. पिल्लू दगावतं ते पाणी कमी पडल्यानं, साखर उतरल्यानं आणि आतड्यातले जंतू रक्तात शिरल्यानं. विषाणूवर नेमकं औषध आपल्याकडे सहज मिळत नाही. पेशी परत तयार होईपर्यंत पिल्लाला धरून ठेवायचं, एवढाच उपचार. पहिले 3-4 दिवस ज्यानं काढले, ते बहुतेक वेळा वाचतं. म्हणजे हा खर्च महिनोन्‌महिने चालणारा नाही, आणि सुरुवातीला घातलेला रुपया नंतरच्या रुपयापेक्षा जास्त कामाचा.

सलाईनचा हिशेब सांगतो. वजनाच्या 8 टक्के पाणी कमी झालेल्या 4 किलोच्या पिल्लाची तूट 320 मिली. रोजची गरज किलोमागे साधारण 60 मिली धरली तर आणखी 240. उलटी-जुलाबातून जाईल ते वेगळं. पहिल्या दिवसाला 500 मिलीच्या दोन बाटल्या सहसा पुरतात, आणि रिंगर लॅक्टेटची (क्षार असलेल्या सलाईनची) बाटली महाग नसते. बिल चढतं ते जागा, रात्रीचा माणूस, पुन्हा पुन्हा होणाऱ्या तपासण्या आणि महागड्या इंजेक्शनांमुळे. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: "एवढेच पैसे आहेत. यात आधी काय करायचं, आणि काय सोडलं तर चालेल?" रोजचा अंदाज लिहून घ्या, एकरकमी पाच दिवसांचा नको. बरेच डॉक्टर असं विचारल्याचं वाईट वाटून घेत नाहीत, उलट त्यांनाही ठरवायला सोपं जातं.

सोडू नये असं: सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन (मॅरोपिटंट किंवा ऑन्डॅन्सेट्रॉन), अँटिबायोटिक, साखर आणि पोटॅशियमवर लक्ष, आणि शक्य तितक्या लवकर पोटात अन्न. विष्ठा एकदा मायक्रोस्कोपखाली बघायला सांगा. हुकवर्म किंवा कॉक्सिडिया (आतड्यातले कृमी आणि सूक्ष्म परजीवी) सोबत असतील तर पार्वोवरचे उपचार करूनही जुलाब थांबत नाहीत, आणि ही तपासणी स्वस्त आहे.

विचारून मगच करावं असं: प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग), पांढऱ्या पेशी वाढवणारं फिल्ग्रास्टिम, फ्लूवरचं ऑसेल्टामिविर. यांनी जगण्याची शक्यता नक्की वाढते असा भक्कम पुरावा नाही, आणि फिल्ग्रास्टिमसारखंच, पण कुत्र्यांसाठी बनवलेलं औषध दिलेल्या पिल्लांमध्ये एका अभ्यासात जगण्याचं प्रमाण उलट कमी आढळलं होतं. लिव्हर टॉनिक आणि 'इम्युनिटी'ची सिरपं तर या आठवड्यात घेऊच नका. उलटी होणाऱ्या पोटात सिरप टिकतही नाही.

आता ॲडमिट न करता उपचार. अमेरिकेतल्या कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीनं यासाठी एक पद्धत बसवली आणि 2017 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ॲडमिट पिल्लांपैकी 90 टक्के, तर या पद्धतीनं उपचार घेणाऱ्यांपैकी 80 टक्के वाचली. अभ्यास 40 पिल्लांचा, म्हणजे लहान, पण 'ॲडमिट नाही तर काहीच नाही' हे खरं नाही एवढं त्यातून दिसतं. एक अट मात्र ठळक लक्षात ठेवा: त्या सगळ्या पिल्लांना आधी शिरेतून सलाईन आणि गरज असेल तिथं साखर देऊन सावरलं होतं. मगच कातडीखालची सलाईन, किलोमागे दिवसाला 120 मिली, तीन वेळा विभागून. तुमच्या पिल्लाला म्हणजे दर 8 तासांनी 160 मिली, दोन-तीन जागांवर वाटून.

हे तुमच्या डॉक्टरांच्या संमतीनं आणि त्यांनी एकदा हाताला धरून शिकवल्यावरच करा. मानेमागची सैल कातडी उचलून सुई शिरवायची, बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी उबदार करायची. कातडीखाली फक्त रिंगर लॅक्टेट किंवा नॉर्मल सलाईन. 5 टक्के डेक्स्ट्रोज कधीच नाही, त्यानं पाणी उलट कातडीखाली ओढलं जातं आणि गळू होऊ शकतं. सलाईनचा फुगवटा सहसा काही तासांत जिरतो. पुढच्या वेळेपर्यंत तो तसाच राहिला तर रक्ताभिसरण मंदावलंय, फुगवट्यात आणखी सलाईन घालू नका, पिल्लाला शिरेतूनच लागणार.

घरी रोज वजन करा, किराणा मोजायचा काटा चालेल. ताप गुदद्वारातून बघा: 100.5 ते 102.5 फॅरेनहाइट ठीक, 99 च्या खाली म्हणजे ताबडतोब दवाखाना. हिरडी दाबून सोडल्यावर रंग 2 सेकंदांत परत यायला हवा. घरात ग्लुकोमीटर असेल तर कानाच्या कडेच्या थेंबावर साखर बघा. आकडा 60 च्या खाली असेल, किंवा पिल्लू ढिलं पडलं, थरथरलं, तर हिरड्यांवर थोडा मध चोळा आणि निघा. पोटात सॉसेजसारखी कडक गाठ लागली, हिरड्या पांढऱ्या पडल्या, उभंच राहता येईना, तर घरचा उपचार तिथेच संपवा.

अन्न पोटात गेलं की आतडं लवकर भरून येतं. म्हणून उलटी आटोक्यात आल्याबरोबर दर 2-3 तासांनी एक-दोन चमचे पातळ, उकडलेल्या चिकनचं पाणी किंवा भाताची पेज द्या, कांदा-लसूण-मसाला न घालता. तोंडात ओतू नका, ठसका लागून फुफ्फुसात जातं. माणसांची पॅरासिटामोल, कॉम्बिफ्लाम किंवा जुलाब बंद करणारी लोपेरामाइड देऊ नका. नाशिकची थंडी असेल तर टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवा. गार अंगाचं पिल्लू औषधालाही साथ देत नाही.

औषधं बाहेरून आणायची परवानगी डॉक्टरांकडून घ्या. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी मूळ नाव लिहायला सांगा. ऑन्डॅन्सेट्रॉन, पॅन्टोप्राझोल, मेट्रोनिडाझोल यांसारखी जनऔषधी केंद्रात बरीच स्वस्त मिळतात. सलाईन, आयव्ही सेट आणि कॅन्युला माणसांच्या मेडिकलवर मिळतात. मॅरोपिटंट मात्र प्राण्यांचंच असतं.

सरकारी दवाखाना विसरू नका: अशोकस्तंभ परिसरात जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. शुल्क नाममात्र, पण औषधं साठ्यात असतील तशी, आणि रात्री ठेवून घेतील असं गृहीत धरू नका. सकाळी उघडताच पोहोचा, पिल्लू गाडीतच ठेवून आधी 'पार्वो आहे' असं सांगा, नाहीतर शेजारच्या पिल्लांना लागण होईल. दिवसा तिथं, रात्री घरी, असं जमतंय का ते विचारा. मुंबईतलं परळचं बैलघोडा रुग्णालय प्रसिद्ध आहे, पण पाणी कमी झालेलं पिल्लू घेऊन कसारा घाट उतरणं मला धोक्याचं वाटतं. इथं सावरून घेतल्याशिवाय निघू नका.

पैसे उभे करताना निदानाचा कागद, रोजचा अंदाज आणि पिल्लाचा फोटो एकत्र ठेवा. सोसायटीच्या ग्रुपवर, नातेवाइकांना दवाखान्याचाच क्यूआर कोड पाठवला तर लोक विश्वासानं देतात, कारण पैसा थेट बिलात जातो. मिलाप, केटो यांसारख्या ठिकाणी निधी उभारता येतो, पण पैसे हातात येईपर्यंत वेळ जातो, म्हणून पहिल्या दिवसाच्या भरवशावर ते नको. कर्ज घ्यायचंच तर पतसंस्थेतलं सोनेतारण झटपट कर्ज देणाऱ्या ॲपपेक्षा खूप बरं. विमा आता लागू होणार नाही, आधी झालेला आजार त्यात बसत नाही.

आणि हेही आजच ठरवा: पैशांची मर्यादा किती आणि कुठल्या अवस्थेला थांबायचं. फिट्स येत असतील, शुद्ध हरपत असेल आणि 72 तास नीट उपचार होऊनही उतरणच असेल, तर डॉक्टरांना दयामरणाबद्दल विचारणं म्हणजे पिल्लाशी गद्दारी नाही. त्याला जास्त वेदना होऊ न देणं हीसुद्धा काळजीच आहे.

घर साफ करताना फिनेल आणि डेटॉलवर विसंबू नका, पार्वो त्यानं मरत नाही. आधी साबणानं धुवा, मग 5 टक्क्यांच्या ब्लीचचा 1 भाग 30 भाग पाण्यात मिसळून 10 मिनिटं ओलं ठेवा. बाल्कनीतल्या कुंडीच्या मातीत विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. बरं झालेलं पिल्लूही पुढे साधारण 2 आठवडे विष्ठेतून विषाणू टाकतं, तेवढे दिवस त्याला सोसायटीच्या बागेत नेऊ नका. इमारतीतल्या ज्या पिल्लांचे 16 आठवड्यांपर्यंतचे लसीचे डोस पूर्ण नसतील, त्यांच्या मालकांना आजच फोन करा.