रोजच्या धावपळीत टाइम ट्रॅव्हलच्या जाड प्रेमकादंबऱ्या वाचायला वेळ कुठून काढता? आणि त्या वाचून खरंच काही मिळतं का?

तुम्ही लिहिलंय की नोकरी, स्वयंपाक, पोरांचा अभ्यास यातून एवढं जाड पुस्तक संपतच नाही, ८० पानांवर अडकलंय, काळ सारखा मागंपुढं होतो म्हणून धागा सुटतो आणि घरचे म्हणतात ही सगळी पळवाट आहे. मी स्टाफ नर्स आहे, सांगलीत राहते आणि ड्युटी मिरजेत, महिन्याला आठ-दहा नाइट असतात, मिस्टर एसटीत कंडक्टर. तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला घेतलं.

आधी वेळेचं सांगते. सलग एक तास मला कित्येक वर्षांत मिळालेला नाही, आणि तो मिळेल तेव्हा वाचू म्हणून थांबले असते तर एक पुस्तक झालं नसतं. माझं वाचन सांगली-मिरज बसमध्ये होतं, गिरणीत दळणाचा नंबर येईपर्यंत होतं, डाळीच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत होतं, आणि नाइटला जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास. वॉर्डात पेशंट समोर असताना मी पुस्तक उघडत नाही, ते वेगळं. फोनवर वाचते, कारण फोन पर्समध्ये असतोच आणि अडलेल्या शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ येतो. माझं शिक्षण मराठी मीडियमचं, नर्सिंगची इंग्रजी वेगळी आणि कादंबरीची वेगळी, पहिलं पुस्तक संपायला मला साडेपाच महिने लागले.

ते पहिलं म्हणजे डायना गॅबल्डनचं आउटलँडर, १९९१ साली आलेलं, साडेआठशेच्या आसपास पानं. मला ते आमच्या हॉस्पिटलमधल्या एका केरळच्या सिस्टरनं दिलं, म्हणाली तू वाच, यातली हिरॉइन नर्स आहे. तेवढ्यासाठी उघडलं. दुसऱ्या महायुद्धात आघाडीवर काम केलेली क्लेअर, १९४५ साली नवऱ्याबरोबर स्कॉटलंडला फिरायला येते आणि उभ्या दगडांच्या एका रिंगणातून थेट १७४३ मध्ये जाऊन पडते. प्रेमकथा पुढं आहेच, पण मला पकडलं ते खांद्याच्या प्रसंगानं. एका झोपडीत पुरुष जमलेत, एका तरुण पोराचा खांदा निखळलाय, आणि ते सगळे मिळून जोर लावून तो बसवायला निघालेत, चुकीच्या अँगलनं. ही बाई काही तासांपूर्वी दोनशे वर्षं मागं येऊन पडलेली, तिला धड माहीत नाही आपण कुठं आहोत, समोरची माणसं कोण आहेत, आणि तरी ती ओरडते की थांबा, असा हात मोडेल त्याचा. मग स्वतः पुढं होऊन हात नीट पोझिशनला आणते आणि बसवते. तो पोरगा म्हणजे जेमी, पुढचा हिरो. मी ते बसमध्ये वाचलं आणि माझा स्टॉप गेला. कॅज्युअल्टीत मी असे कितीतरी खांदे बघितलेत, बाइकवरून पडलेली पोरं असतात, नातेवाईक आधीच ओढाताण करून घेऊन येतात, आणि आपण जेव्हा म्हणतो की हात लावू नका तेव्हा आपल्या अंगात कुठून जोर येतो ते मला माहितेय. माझ्या कामाबद्दल एवढं बरोबर मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

पुढच्या भागांत ती डॉक्टर होते, बरोबर पेनिसिलिन घेऊन मागच्या काळात जाते, ते संपल्यावर पावावरच्या बुरशीपासून स्वतः करायचा प्रयत्न करते. फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडलं १९२८ ला. व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं बाकीच्या डॉक्टरांना हात धुवायला लावले ते १८४७ ला. म्हणजे ही बाई १७४३ मध्ये लोकांना उकळलेलं पाणी वापरा, हात धुवा म्हणून सांगते तेव्हा तिला असं का ते सांगायला शब्दच नाहीत, जंतू म्हणजे काय हेच कोणाला ठाऊक नाही. सुट्टीत हे वाचून मी वॉर्डात परत गेले की बेसिनपाशी उभी राहून हात धुण्याच्या सातही स्टेप्स करताना मला ती आठवते, खरंच आठवते.

एक सावध करते, या पुस्तकात मारहाण आहे, बलात्काराचे प्रसंग आहेत, काही पानं मी सरळ ओलांडली, तुम्हीही ओलांडा, गोष्ट तुटत नाही. आणि स्कॉटिश बोलीला घाबरू नका. केन म्हणजे माहीत असणे, वी म्हणजे छोटं, पन्नासेक पानांत कान बसतो. आपल्याकडचं 'व्हय' आणि 'न्हाई' मुंबईच्या माणसाला कळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच.

आता पळवाटीचं. तुमच्या घरचे म्हणतात ते मी पण ऐकलंय, सासूबाई म्हणायच्या. त्यावर मी वाद घालत नाही, पण तुम्हाला सांगते माझ्याबाबतीत काय झालं.

आमच्या घरात भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती, सासऱ्यांनी खिळ्यानं ओरखडा काढून ठेवलेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही टीव्ही, धान्याचे डबे, पोरांची दप्तरं, माझी पुस्तकं सगळं त्या खुणेच्या फूटभर वर ठेवलं आणि निर्धास्त मनानं दिरांकडं गेलो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. घरात ते त्या ओरखड्याच्या साडेतीन फूट वर होतं. आम्हाला मागचं माहीत होतं, आणि त्या माहितीवर विसंबूनच आमचं सगळं गेलं. कित्येक महिने माझ्या डोक्यात एकच, आणखी वर का नाही ठेवलं, माळ्यावर का नाही टाकलं.

त्यानंतर मी दुसरा भाग वाचला. क्लेअरला इतिहासातून माहीत असतं की १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या माळावर ही सगळी हायलँडची माणसं मारली जाणार, लढाई तासभर सुद्धा चालणार नाही. ती आणि जेमी ते टाळायला पॅरिसपर्यंत जातात, काय काय करतात, हायलँडवाल्यांच्या राजाविरुद्धच्या बंडाला पैसाच मिळू नये म्हणून धडपडतात, आणि ती तारीख येतेच. एका नाइटला सुट्टीत मी तो भाग वाचला, डबा तसाच राहिला. तिला तर पुढचं तारखेसकट माहीत होतं. ती एवढी हुशार बाई, तिलाही नाही जमलं, मग मी त्या ओरखड्यापायी स्वतःला किती दिवस बोल लावणार. त्या दिवसापासून ते डोक्यातलं कमी झालं. आता याला पळवाट म्हणायचं तर म्हणू देत.

दुसरं पुस्तक सांगते, ऑड्री निफेनेगरचं द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ, २००३ चं. हे आउटलँडरपेक्षा कमी पानांचं आहे आणि तुम्ही अडकलात तर मी म्हणेन आधी हे घ्या. हेन्री शिकागोत लायब्ररीत कामाला आहे, त्याला आजारच असा की तो मधेच गायब होतो आणि दुसऱ्याच वर्षात जाऊन पडतो, कपडे सुद्धा मागं राहतात. त्याची बायको क्लेअर, हिचं पण नाव क्लेअर, ती कुठं जात नाही, ती वाट बघते. धागा सुटतो म्हणालात ना, यात प्रत्येक प्रसंगाच्या वर तारीख आणि दोघांची वयं दिलीत, ती क्लेअर सहा वर्षांची हेन्री छत्तीसचा अशी. मी घरातल्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला दोन रेघा मारल्या, एक तिची, एक त्याची, आणि भेट झाली की टिंब देत गेले. दहा टिंबांनंतर गरज लागली नाही.

हे पुस्तक मला जवळचं का, तर आमचं घर तसंच आहे. मिस्टरांना मुक्कामाची गाडी असली की ते संध्याकाळी जातात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी येतात, माझी नाइट असली की मी सकाळी साडेआठला. एका आठवड्यात आमची भेट फक्त दारात झाली होती, ते बूट घालत होते आणि मी काढत होते. फ्रिजवर चिठ्ठ्या असतात, गॅस लावलाय, बारक्याला ताप होता गोळी दिलीय रात्री दहाला. त्या क्लेअरनं काढलेले दिवस वाचताना मला कोणी काही समजावून सांगावं लागलं नाही. आणि तिच्यामुळं मी एक सुरू केलं, दारात ती जी पाच मिनिटं मिळतात त्यात बिलं आणि पोरांच्या तक्रारी काढायच्या नाहीत, त्या चिठ्ठीवर. पाच मिनिटं नुसता चहा.

आणि हे काही परदेशी खूळ नाही हो. आमची आज्जी रेवतीची गोष्ट सांगायची, ककुद्मी राजा लेकीसाठी स्थळ विचारायला तिला घेऊन ब्रह्मदेवाकडं जातो, तिथं गाणं चाललेलं असतं म्हणून जरा थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटतात, मनात धरलेली सगळी स्थळं, त्यांचे नातू-पणतू सुद्धा संपलेले. मग ती परत येऊन बलरामाची बायको होते, ती एवढी उंच की तो नांगरानं तिला खाली ओढून आपल्याएवढी करतो. टाइम ट्रॅव्हल पण आहे आणि लग्न पण आहे! इंग्रजी जड वाटत असेल तर जयंत नारळीकरांची गंगाधरपंतांचे पानिपत ही कथा वाचा, त्यात प्रेम नाही, पण पानिपतात विश्वासरावांना गोळी लागलीच नाही अशा जगात एक इतिहासाचे प्राध्यापक जाऊन पोचतात, कथाच आहे, दोन-तीन बसप्रवासांत होते.

एक मात्र चुकून रोमान्स म्हणून उचलू नका, ऑक्टेव्हिया बटलरचं किंड्रेड. १९७६ मधली काळी मुलगी गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये ओढली जाते. मी वाचलंय, फार मोलाचं पुस्तक आहे, पण नाइटला वाचू नका, सुट्टीच्या दिवशी उजेडात वाचा.

तुमच्या त्या ८० पानांसाठी एवढंच, परत पहिल्यापासून सुरू करू नका. शेवटची दोन पानं मागं जाऊन वाचा आणि पुढं चला. आणि घरात कोणाला तरी गोष्ट सांगायला लागा, सांगितली की लक्षात राहते. मी मिस्टरांना सांगते. ते स्वतः पेपरशिवाय काही वाचत नाहीत, पण मुक्कामाच्या गावात जेवण झालं की साडेनऊला फोन करतात, पोरांची चौकशी होते आणि मग विचारतात, ती बाई पोचली का परत. तिसऱ्या भागात क्लेअर आणि जेमी वीस वर्षं एकमेकांपासून लांब असतात, दोनशे वर्षांच्या अंतरावर, तो भाग मी त्यांना दीड महिना पुरवून सांगितला. वीस वर्षांनी ती एडिनबरोच्या छापखान्यात जाऊन उभी राहते आणि तो तिला बघून चक्कर येऊन पडतो, तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही, मग म्हणाले, पाणी मारलं का तोंडावर?

आज त्यांची गाडी मुक्कामाला आहे. मला चौथ्या भागाची वीस पानं उरकायचीत फोन यायच्या आत.