वाचक विचारतात : वही लपवणारा मुलगा

प्रश्न : कळव्यातल्या शाळेत सातवीला गणित शिकवते. एक मुलगा भागाकारात अडकलाय, वहीच दाखवत नाही. वर्ग मोठा आहे. काय करू?
– एक शिक्षिका

उत्तर : आठवडाभर वही मागूच नका, त्याच्या लेखी ती चुकांचा पुरावा आहे. हजेरी घेताना सुट्या कागदावर तीनच गणितं द्या, दोन हमखास येणारी, तिसरं जरा अवघड. मधल्या सुट्टीत नको, खेळ बुडाला की ती शिक्षाच वाटते.

समजा, ८१६ ÷ ४ चं उत्तर त्याने २४ काढलं. पूर्ण गणितावर लाल फुली मारू नका. ८ ला ४ ने भागून २ आले, त्यावर बरोबरची खूण करा. शेजारी पेन्सिलीने लिहा, ‘१ मध्ये ४ जात नाहीत, म्हणून इथे ०.’ मग २०४ त्यालाच काढू दे. ‘हुशार आहेस’ म्हणू नका, त्याला ते पटणार नाही. ‘आज शून्य विसरला नाहीस’ हे पटतं. तेही हळूच, वर्गासमोर कौतुक केलं की अशी मुलं आणखी आक्रसतात.

फळ्यावर कोणतं गणित विचारणार, ते त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा. आणि हो, फळा नीट दिसतो का, हेही बघा. चष्म्याचा नंबर कित्येकदा आळशीपणात खपून जातो.